तुकडोजी महाराज

तुकडोजी महाराज (जन्म : ३० एप्रिल १९०९, यावली, अमरावती जिल्हा, मृत्यू : ११ ऑक्टोबर १९६८, गुरुकुंज मोझरी) हे विदर्भातील संत, कवी, खंजिरी भजनकार आणि ग्रामसुधारक होते. राष्ट्रसंत या उपाधीने ते ओळखले जातात. ग्रामगीता हा त्यांचा प्रमुख मराठी ग्रंथ आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी विपुल भजनरचना केली. गावातील लग्ने, सण, जत्रा आणि अंत्यविधी यांचा धर्माशी नेमका संबंध कोणता, हा त्यांच्या विचारातील एक मध्यवर्ती प्रश्न होता. सध्याच्या चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरच्या परिसराशी त्यांचा तरुणपणापासून निकटचा संबंध होता. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील अनेक गावांत त्यांच्या अनुयायांनी सुरू केलेली सामुदायिक प्रार्थना आजही होते.

बालपण आणि गुरू

तुकडोजी महाराजांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे असे होते. आईचे नाव मंजुळाबाई. घरची परिस्थिती हलाखीची होती आणि त्यांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुढे गेले नाही. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू होत. भजनाच्या शेवटच्या चरणात कवीने आपले नाव गुंफण्याची रीत आहे. त्यासाठी तुकड्या हे नाव गुरूंनीच दिले, असे सांगितले जाते. भाकरीच्या तुकड्यावर गुजराण करणारा, असा अर्थही या नावाला जोडला जातो. पुढे आदरार्थी तुकडोजी हे रूप रूढ झाले.

गुरूंच्या निधनानंतर किशोरवयातच त्यांनी घर सोडले. रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि गोंदेडा या ठिकाणच्या अरण्यांत त्यांनी काही काळ काढला. यांपैकी गोंदेडा हे गाव चिमूर तालुक्यात आहे. तेथील गुंफा त्यांची तपोभूमी मानली जाते आणि तेथे दरवर्षी यात्रा भरते.

झाडीपट्टीची पार्श्वभूमी

त्या काळी हा सर्व प्रदेश चांदा जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. दाट जंगल, तलाव आणि धानाची शेती यांमुळे या भागाला झाडीपट्टी म्हणतात. येथील सामाजिक जीवनात सण आणि जत्रा यांना मोठे स्थान आहे. चंद्रपूरला चैत्रात महाकालीची यात्रा भरते. वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथे महाशिवरात्रीला, तर चिमूरला माघात बालाजीची घोडायात्रा होते. धानाची कापणी आणि दिवाळी आटोपली की गावोगावी मंडई भरते. दंडार आणि रात्रभर चालणारी नाटके हे तिचे आकर्षण असते.

या प्रदेशात विवाहाच्या एकाहून अधिक परंपरा नांदत होत्या. शेतकरी व कारागीर जातींत ब्राह्मण पुरोहित, मुहूर्त, मानपान आणि जेवणावळी असा विवाह प्रचलित होता. गोंड व माडिया समाजांत विवाहाचे विधी समाजातील जाणती माणसे पार पाडीत. त्यांच्या अनेक गटांत विवाह वराच्या घरी होई आणि देणे वधूपक्षाला दिले जाई. हुंडा ही त्यांची मूळ प्रथा नव्हे. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीत रोकड हाती येई ती पिकानंतरच, आणि लग्नसराई येई ती पेरणीच्या तोंडावर, चैत्र-वैशाखात. त्यामुळे लग्नाचा खर्च बहुधा सावकाराच्या कर्जातून भागवला जाई आणि बियाणे घेण्याच्या वेळी कुटुंबाची पत संपलेली असे. ऋण काढून सण साजरा करणे ही म्हण विदर्भातील ग्रामीण भागाला शब्दशः लागू पडत होती. तुकडोजी महाराजांचे पुढचे विवेचन याच वास्तवातून उभे राहिले.

यज्ञाकडून प्रार्थनेकडे

तुकडोजी महाराजांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ एका मोठ्या धार्मिक समारंभाने झाला. १९३५ मध्ये सालबर्डी येथे त्यांनी महारुद्र यज्ञ केला. त्यास तीन लाखांहून अधिक लोक जमले होते, असे सांगितले जाते. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सुमारे महिनाभर सेवाग्राम येथे राहिले. ग्रामसफाई, खादी, शरीरश्रम आणि सर्वधर्म प्रार्थना या गोष्टींशी त्यांचा तेथे जवळून परिचय झाला.

यानंतरच्या काळात त्यांच्या कार्याचा भर बदलत गेला. एका ठिकाणी लाखोंचा मेळावा भरवण्याऐवजी प्रत्येक गावाने रोज एकत्र बसावे, यावर ते भर देऊ लागले. पहाटेचे सामुदायिक ध्यान, गावातून फिरणारी रामधून आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना असा दिनक्रम त्यांनी घालून दिला. प्रार्थनेत सर्व जातींचे स्त्रीपुरुष शिस्तीने रांगेत बसतात आणि शेवटी राष्ट्रवंदना होते. रामधून निघण्यापूर्वी रस्ते झाडणे हाही उपासनेचाच भाग मानला गेला. हे काम गावोगावच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमार्फत चालू लागले. पूजा करणारा आणि ती पाहणारा असा भेद या पद्धतीत उरत नाही. लग्न व सण यांसंबंधी त्यांनी पुढे जे सुचवले, त्याचा साचा या प्रार्थनेतच तयार झाला होता.

चिमूरची नागपंचमी

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे भारत छोडो आंदोलनातील एक मोठा उठाव झाला. तो दिवस नागपंचमीचा होता. प्रभातफेरीने सुरू झालेल्या दिवसाचे पर्यवसान गोळीबार, जाळपोळ आणि हिंसक संघर्षात झाले. सोळा वर्षांचे बालाजी रायपूरकर गोळीबारात मरण पावले. संतप्त जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर लष्कर व पोलिसांनी गावावर केलेल्या अत्याचारांचा निषेध म्हणून प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले आणि चिमूरचे नाव देशभर पोहोचले.

चिमूर, आष्टी आणि आसपासच्या गावांत तुकडोजी महाराजांची भजने त्याआधी गाजत होती. लोकांना चिथावणी देण्यास ही भजने कारणीभूत आहेत, असा सरकारचा समज झाला. २८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत ठेवून २ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची सुटका करण्यात आली. भजनासाठी जमलेला समुदाय सार्वजनिक कृतीसाठीही उभा राहू शकतो, हे या घटनेने स्पष्ट केले. १९४३ मध्ये त्यांच्या विचारांच्या प्रचारासाठी श्रीगुरुदेव हे मासिक सुरू झाले.

ग्रामगीता

ग्रामगीता हा ओवीबद्ध ग्रंथ १९५० च्या दशकात सिद्ध झाला. त्यात ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या आहेत. ग्रंथ ग्रामदेवतेला, म्हणजे गावातील जनतेलाच अर्पण केलेला आहे. अनेक अध्यायांत श्रोता शंका विचारतो आणि तिच्या उत्तरातून विषय पुढे जातो. कीर्तन-प्रवचनाच्या परिचित रीतीमुळे वाचता न येणाऱ्या गावकऱ्यालाही तो ऐकून समजतो.

ग्रामरक्षण, आरोग्य, गोवंश, शिक्षण आणि स्त्रियांची उन्नती या विषयांबरोबरच विवाह, अंत्यसंस्कार, सण-उत्सव, यात्रा-मेळे आणि देवळे यांवर ग्रंथात स्वतंत्र अध्याय आहेत. परंपरेने हे विषय पुरोहिताच्या पोथीतले मानले जात. ग्रामगीतेने ते गावाच्या नियोजनात आणले. विहीर कोठे खणावी आणि लग्न कसे लावावे, हे दोन्ही प्रश्न एकाच ग्रंथात, एकाच भाषेत चर्चिले गेले आहेत.

विवाहविषयक विचार

तुकडोजी महाराजांनी विवाहाला धर्मसंस्कार मानले. तो केवळ दोन कुटुंबांतील करार आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. मात्र संस्काराचे सार कशात आहे, याविषयी त्यांची भूमिका प्रचलित रूढीहून वेगळी होती. वधूवरांनी एकमेकांची जबाबदारी जाणून, स्वखुशीने व समाजाच्या साक्षीने संसाराला आरंभ करणे, हा त्यांच्या मते विवाहाचा गाभा होता. वाजंत्री, वरात, आहेर, मानपान, रुसवेफुगवे आणि आतषबाजी यांना त्यांनी धर्माचा भाग मानले नाही.

जोडीदार निवडताना पत्रिका, संपत्ती किंवा घराण्याचा बडेजाव यांपेक्षा गुण, आरोग्य, स्वभाव आणि उद्योगशीलता पाहावी, असे त्यांनी प्रतिपादिले. मुलामुलींची संमती त्यांनी आवश्यक मानली. बालविवाह आणि वयात मोठे अंतर असलेले विवाह यांना त्यांचा विरोध होता. हुंड्यावर त्यांनी कठोर टीका केली. भारतात हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये झाला. ग्रामगीता त्याच्या काही वर्षे आधीची आहे.

लग्नाच्या खर्चाचा त्यांनी केलेला विचार विशेष उल्लेखनीय आहे. एका दिवसाच्या थाटासाठी शेत गहाण पडले, तर नव्या जोडप्याचा संसार कर्जातच सुरू होतो. गरीब माणूस हा खर्च हौसेने करतो असे नाही. श्रीमंताने घालून दिलेला पायंडा त्याला लोकलाजेस्तव पाळावा लागतो. त्यामुळे सुधारणेची सुरुवात ऐपतदारांनी करावी, असा या विचाराचा रोख आहे. एकाच मांडवात अनेक लग्ने लावण्याचा, म्हणजे सामुदायिक विवाहाचा त्यांनी पुरस्कार केला. अशा विवाहात श्रीमंत आणि गरीब यांचा थाट सारखाच राहतो आणि खर्चाचा भार एका कुटुंबावर पडत नाही.

त्यांच्या अनुयायांत यातून साध्या विवाहाची पद्धत रूढ झाली. उपस्थितांची सामुदायिक प्रार्थना, वधूवरांनी एकमेकांना हार घालणे आणि वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद एवढ्यावर विधी आटोपतो.

ही भूमिका मराठी प्रदेशात सर्वस्वी नवी नव्हती. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच पुरोहिताविना विवाह लावला होता. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेले गाडगे महाराज आपल्या कीर्तनांतून कर्ज काढून केलेल्या सणांवर, जेवणावळींवर आणि पशुबळीवर प्रहार करीत असत. सत्यशोधकांचा मुख्य आक्षेप पुरोहिताच्या मध्यस्थीवर होता. तुकडोजी महाराजांचा भर पुरोहिताच्या जागी गावाच्या सामुदायिक साक्षीला प्रतिष्ठा देण्यावर होता.

सण-उत्सवांविषयीचे विचार

सण बंद करावेत, असे तुकडोजी महाराजांनी कधी सुचवले नाही. कष्टाच्या जीवनात विसावा आणि आनंद मिळावा, विखुरलेली माणसे एकत्र यावीत आणि ऋतुमानाप्रमाणे घर, गोठा व गाव यांची निगा राखली जावी, यासाठी पूर्वजांनी सणांची योजना केली, असे ते मानत. हा हेतू विसरला गेला आणि सणाचे रूप गोडधोड, नवे कपडे, व्यसन व भांडणे यांपुरते उरले, हे त्यांच्या टीकेचे सूत्र होते.

प्रत्येक सणाच्या मूळ हेतूकडे त्यांनी लक्ष वेधले. होळीत गावातील केरकचरा आणि त्याबरोबर वाईट सवयी जाळाव्यात. अर्वाच्य ओरडण्याला धर्माचा आधार नाही. पोळा हा बैलांविषयीच्या कृतज्ञतेचा दिवस असल्याने वर्षभर त्यांची काळजी घेणे हीच त्याची खरी पूजा होय. दिवाळीचा प्रकाश आपल्या घरापुरता न ठेवता शेजारच्या उपाशी घराची आठवण ठेवावी. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन यांनाही गावाच्या सणांत स्थान मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. धार्मिक आणि राष्ट्रीय सण यांच्यात त्यांनी भिंत उभी केली नाही. ज्या दिवशी गाव भेद विसरून एकत्र येते, तो सण, अशी त्यांची कसोटी होती.

यात्रांच्या बाबतीतही त्यांची दृष्टी हीच होती. यात्रेला जमलेल्या लोकांना शेतीचे, आरोग्याचे आणि उद्योगाचे ज्ञान मिळावे, स्वच्छतेची व्यवस्था असावी आणि देवाच्या नावाने पशूंचा बळी दिला जाऊ नये, असे त्यांनी मांडले.

याच काळातील दुसरा मार्ग

तुकडोजी महाराज रूढ धर्माच्या चौकटीत राहून लग्न आणि सण यांची शुद्धी करू पाहत होते. त्याच काळात चंद्रपूरमध्ये याच प्रश्नाला एक वेगळे उत्तर मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे आपल्या अनुयायांना दीक्षा दिली. या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीची उपासना, श्राद्ध आणि ब्राह्मणाकडून करून घ्यायचे विधी यांचा त्याग आहे. त्यानंतर येथील बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील म्हणून मंगल परिणय होऊ लागले. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन हा दरवर्षीचा मोठा सोहळा झाला.

दोन्ही मार्गांत खर्चिक कर्मकांडाला विरोध आहे आणि पुरोहिताची गरज नाकारलेली किंवा गौण मानलेली आहे. मात्र जातिव्यवस्थेला धर्मातूनच आधार मिळतो, या निष्कर्षामुळे आंबेडकरांनी सणांची आणि विवाहाची चौकटच बदलली. तुकडोजी महाराजांनी अस्पृश्यतेला विरोध करताना जुनी चौकट ठेवून तिचा अर्थ बदलण्याचा प्रयत्न केला. गोंड व माडिया समाजांच्या स्वतंत्र परंपरा या दोन्ही प्रवाहांच्या मुख्य विवेचनाबाहेर राहिल्या. त्यामुळे झाडीपट्टीत धर्म आणि विवाहविधी यांचे नाते आजही एकाच पद्धतीने सांगता येत नाही.

देशविदेशातील कार्य

१९५५ मध्ये जपान येथे भरलेल्या विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेस तुकडोजी महाराज उपस्थित होते. तेथेही त्यांनी खंजिरीवर भजन गायले. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत त्यांनी भाग घेतला. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष होते. साधूंनी मठात न राहता समाजाच्या कामाला लागावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

निधन

अखेरच्या काळात ते कर्करोगाने आजारी होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज मोझरी येथे त्यांचे निधन झाले. आश्रमाजवळच त्यांची समाधी आहे.

स्मरणाचे दोन उत्सव

व्यक्तिपूजेऐवजी गावाचे पूजन व्हावे, या भूमिकेनुसार त्यांची जयंती ग्रामजयंती या नावाने साजरी होते. ३० एप्रिलला अनेक गावांत सफाई, रामधून, प्रार्थना आणि ग्रामगीतेचे वाचन असे कार्यक्रम होतात.

पुण्यतिथीचा महोत्सव आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास मोझरीला भरतो. चंद्रपूर व गडचिरोलीसह विदर्भातून पायी दिंड्या तेथे येतात. मुख्य दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. त्यानंतर वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. यात्रेच्या गर्दीतील ही शांतता या महोत्सवाचे वैशिष्ट्य मानली जाते.

वारसा

चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यातील अड्याळ टेकडी येथे त्यांचे शिष्य तुकारामदादा गीताचार्य यांनी ग्रामगीतेतील विचार प्रत्यक्षात आणण्यासाठी केंद्र उभारले. श्रमदान आणि ग्रामसभेचे सामर्थ्य यांवर त्यांचा भर होता. भारतीय टपाल खात्याने १९९३ मध्ये तुकडोजी महाराजांचे तिकीट काढले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असे नाव देण्यात आले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना होईपर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न होती.

त्यांच्या प्रभावाला मर्यादाही आहेत. सामुदायिक विवाहांना पुढे अनेक संस्थांनी आणि शासकीय योजनांनीही आधार दिला. तरी ज्यांना ऐपत आहे अशा कुटुंबांनी त्या मांडवात यावे, हा त्यामागील मूळ आग्रह फारसा रुजला नाही. परिणामी अनेक ठिकाणी सामुदायिक विवाह ही गरिबांची सोय म्हणून ओळखली जाते. मंगल कार्यालये, डीजे आणि छायाचित्रण यांमुळे ग्रामीण लग्नाचा खर्च नव्या रूपात वाढला आहे. ग्रामगीतेतील विवाह आणि सण यांवरील अध्याय त्यामुळे श्रीगुरुदेव सेवा मंडळांच्या वाचनात व प्रबोधनाच्या कार्यक्रमांत कायम राहिले आहेत.